विद्यार्थी लेखन केंद्रात जाऊन येतात, तरी चुका तशाच का?

वाचकाचे पत्र : मी एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना निबंधलेखन शिकवते. माझ्याकडे चार तुकड्या आहेत आणि प्रत्येक वेळी शंभराहून अधिक निबंध तपासायला येतात. आमच्याकडे गेल्या वर्षी लेखन साहाय्य केंद्र सुरू झाले. ज्यांचे लेखन कच्चे आहे अशांना मी चिठ्ठी देऊन तेथे पाठवते; पण ते परत येतात तेव्हा शुद्धलेखनाच्या आणि वाक्यरचनेच्या चुका बहुतेक जागच्या जागी असतात. केंद्रात विचारले, तर ‘आम्ही दुरुस्त करून देत नाही’ असे उत्तर मिळते. उलट एका विद्यार्थिनीचा निबंध इतका बदलून आला, की तो तिचा म्हणावा की तिच्या मार्गदर्शकाचा, हेच मला कळेना. त्यात आता यंत्राकडून लिहून घेण्याची सोय सर्वांच्या हाती आली आहे. मग या केंद्राचा नेमका उपयोग काय, मदत कोठे संपते आणि लबाडी कोठे सुरू होते, आणि माझा तपासणीचा भार यातून हलका होईल की नाही, हे कृपया सांगावे.

उत्तर :

महोदया,

आपली अडचण केंद्राच्या कामात कमी आणि विद्यार्थी तेथे कधी, काय हातात घेऊन जातो यात अधिक आहे, असे आपले पत्र वाचून मला वाटले. आपली चिठ्ठी घेऊन विद्यार्थी केंद्रात पोहोचतो तेव्हा त्याचा निबंध त्याच्या दृष्टीने लिहून संपलेला असतो, तो सादर करण्याची मुदत एक-दोन दिवसांवर आलेली असते आणि त्याच्यासाठी राखून ठेवलेली वेळ असते अर्ध्या तासाची, फार तर तासाभराची. एवढ्या वेळात मार्गदर्शकापुढे दोनच वाटा उरतात. एक तर त्याने स्वतः पेन हातात घेऊन चुका दुरुस्त कराव्यात, म्हणजे आपल्याला स्वच्छ निबंध मिळेल आणि विद्यार्थी होता तेथेच राहील. किंवा निबंधात म्हणायचे काय आहे यावर विद्यार्थ्याशी बोलावे, म्हणजे विद्यार्थ्याला काही उमगेल पण चुका कागदावर तशाच राहतील. आपल्या केंद्राने दुसरी वाट धरलेली दिसते, आणि माझ्या मते ती योग्य आहे. मात्र ती फळाला यायची असेल, तर बोलणे झाल्यानंतर पुन्हा लिहायला अवधी हवा, आणि तो अवधी देणे केंद्राच्या नव्हे, आपल्या हातात आहे.

केंद्रे दुरुस्ती करून देण्याचे का टाळतात, याला थोडा इतिहास आहे. महाविद्यालयांतील लेखन प्रयोगशाळा काही आजच्या नाहीत. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३४ साली अशी प्रयोगशाळा होती. पुढे अनेक ठिकाणी या सोयींना दवाखान्याचे रूप आले : लेखन ‘बिघडलेल्या’ विद्यार्थ्याला तेथे पाठवायचे, सराव-पुस्तकातली व्याकरणाची पाने सोडवून घ्यायची आणि बरा झाला की वर्गात परत आणायचे. ही कल्पना डळमळीत झाली ती १९७० साली, न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शहरातील सर्वांना प्रवेश खुला केला तेव्हा. ज्यांच्या घराण्यात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते असे हजारो विद्यार्थी वर्गात आले आणि त्यांचे लेखन पाहून अध्यापकांनी कपाळाला हात लावला. तेथील अध्यापिका मायना शॉनेसी यांनी मात्र अशा सुमारे ४,००० प्रवेशनिबंधांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९७७ साली दाखवून दिले, की या चुका निष्काळजीपणाने सांडलेल्या नसून बहुतेकांच्या मागे काहीतरी तर्क असतो : विद्यार्थ्याने एखादा नियम अर्धवट समजून घेतलेला असतो आणि तो मोठ्या निष्ठेने सगळीकडे लावलेला असतो. त्याच विद्यापीठाच्या ब्रुकलिन कॉलेजमध्ये केनेथ ब्रफी यांनी समवयस्क विद्यार्थ्यांनाच मार्गदर्शक म्हणून तयार केले, कारण प्राध्यापकाच्या मदतीला बिचकणारा विद्यार्थी आपल्यासारख्याच दुसऱ्या विद्यार्थ्याशी मोकळेपणाने बोलतो. आणि १९८४ साली स्टीफन नॉर्थ यांनी, आपल्या केंद्राला दुरुस्तीचे दुकान समजणाऱ्या सहकाऱ्यांवर वैतागून, असे ठामपणे मांडले की केंद्राला कागदात नव्हे, लिहिणाऱ्यात बदल घडवायचा असतो. आज जगभरातील बहुतेक लेखन केंद्रांच्या माहितीपत्रकात हीच भूमिका कोणत्या ना कोणत्या शब्दांत आढळते. आपल्याला मिळालेले उत्तर याच परंपरेतून आलेले आहे. ते अधिक सौजन्याने देता आले असते, हे खरे.

आता त्या अर्ध्या तासात व्हायला काय हवे, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. विषय असा आहे, की सार्वजनिक ग्रंथालयांनी पुस्तक उशिरा परत करणाऱ्यांना दंड करावा का. विद्यार्थ्याच्या निबंधाचा पहिला परिच्छेद ‘प्राचीन काळापासून मानवी जीवनात ग्रंथांचे महत्त्व अनन्यसाधारण आहे’ अशा थाटाचा आहे, दुसऱ्यात ग्रंथालयांचे प्रकार आहेत, तिसऱ्यात शिस्तीचे महत्त्व आहे, आणि शेवटी ‘म्हणून दंडाबाबत योग्य तो विचार व्हावा’ असे म्हणून निबंध संपतो. व्याकरणाच्या चुका अर्थातच आहेत. जाणता मार्गदर्शक प्रथम प्रश्नपत्रिका मागतो आणि प्रश्नात नेमके काय विचारले आहे ते विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतो. मग निबंध मोठ्याने वाचून घेतो. वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून विचारतो, ‘दंड करावा असे तुझे मत आहे, की करू नये?’ विद्यार्थी जरा घुटमळतो आणि म्हणतो, ‘करू नये. कारण दंड साठत गेला की लोक तो भरायला लागेल या भीतीने ग्रंथालयात येणेच बंद करतात, आणि मग पुस्तकही जाते आणि वाचकही जातो.’ मार्गदर्शक एवढेच विचारतो, की हे तुझ्या निबंधात कोठे आहे?

ते कोठेच नसते. निबंधातील सर्वांत चांगला विचार लेखकाच्या डोक्यात असतो आणि कागदावर उतरलेला नसतो, कारण निबंध म्हणजे पहिल्या परिच्छेदात महत्त्व, शेवटी तात्पर्य आणि मध्ये माहिती, असा साचा त्याच्या मनात पक्का बसलेला असतो. या क्षणी विद्यार्थ्याच्या हाती जे लागते ते पुढल्या दहा निबंधांना पुरणारे असते. समजा, त्याऐवजी त्या अर्ध्या तासात मार्गदर्शकाने ‘अनन्यसाधारण’चे शुद्धलेखन आणि पहिल्या परिच्छेदातील तीन वाक्यांची रचना सुधारून दिली असती, तर जो परिच्छेद मुळातच काढून टाकायला हवा होता त्यालाच रंगरंगोटी झाली असती, आणि एकदा तासून गुळगुळीत केलेले वाक्य खोडायला विद्यार्थी कधीही राजी होत नाही. म्हणूनच केंद्रांमध्ये आधी प्रश्न, मग मत, मग आधार, मग मांडणीचा क्रम आणि सर्वांत शेवटी वाक्ये व शुद्धलेखन, असा अग्रक्रम पाळला जातो. लेखन-अध्यापनाच्या अमेरिकी अभ्यासक नॅन्सी सोमर्स यांनी १९८० साली विद्यार्थी आणि मुरलेले लेखक यांच्या पुनर्लेखनाची तुलना केली तेव्हा त्यांना असेच आढळले होते : विद्यार्थी पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणे समजतात, तर अनुभवी लेखक दुसऱ्या खर्ड्यात आपल्या युक्तिवादाचा आकार शोधत असतात.

याचा अर्थ चुकांकडे डोळेझाक करावी असा मुळीच नाही. निबंध वाचणारा माणूस चुकांना अडखळतो, गुण देणाराही अडखळतो, आणि उद्या नोकरीचा अर्ज वाचणारा तर अधिकच. पण त्या सुधारण्याचा लाल शाईइतका महाग आणि निष्फळ मार्ग दुसरा नसेल. रिचर्ड हॅसवेल या अमेरिकी अध्यापकांनी १९८३ साली एक साधा उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांच्या वाक्यांतील सरळसरळ चुका दुरुस्त करणे, त्यांखाली रेघ मारणे, त्यांचे नाव लिहिणे हे सारे थांबवले आणि ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात फक्त एक खूण करायला सुरुवात केली. एका ओळीत दोन चुका असतील तर दोन खुणा. चूक शोधायची आणि सुधारायची विद्यार्थ्याने. त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा सुमारे ६१ टक्के चुका कोणाच्याही मदतीशिवाय स्वतः दुरुस्त केल्या. म्हणजे आपण ज्या चुकांवर मध्यरात्रीपर्यंत खपता त्यांपैकी निम्म्याहून अधिक चुकांचा नियम विद्यार्थ्याला ठाऊकच असू शकतो. त्याने फक्त पुन्हा वाचलेले नसते. उरलेल्या चुका, ज्या खूण पाहूनही सुधारता आल्या नाहीत, त्या खऱ्या अर्थाने शिकवण्याच्या, आणि त्या घेऊन विद्यार्थ्याने केंद्रात जावे. शॉनेसी म्हणत त्याप्रमाणे त्यांत बहुधा दोन-तीनच प्रकार पुन्हा पुन्हा येताना दिसतील. अर्ध्या तासात तीस चुका शिकवता येत नाहीत, पण तीस वेळा केलेली एक चूक शिकवता येते.

येथे केंद्रांच्याही पदरात थोडे माप घालायला हवे. १९९० नंतर मार्गदर्शकाने हस्तक्षेप कमीत कमी करावा, पेन विद्यार्थ्याच्याच हातात राहील अशा बेताने बसावे, उत्तर न देता प्रश्नच विचारावेत, अशी शिकवण फार लोकप्रिय झाली. तत्त्व चांगले आहे, परंतु जो विद्यार्थी परक्या भाषेत लिहीत आहे त्याला ‘हे वाक्य तुला कानाला कसे वाटते?’ असे विचारणे म्हणजे त्याची थट्टा करण्यासारखे आहे, कारण ज्याने ती भाषा घरात ऐकलेलीच नाही त्याचा कान कौल देणार कसा? अशा वेळी नियम सरळ सांगावा, दोन उदाहरणे करून दाखवावीत आणि तिसरे त्याच्याकडून करून घ्यावे. हीच गोष्ट संदर्भ देण्याच्या पद्धतीची. ते अंतर्ज्ञानाने कळण्यासारखे नाही. तो संकेत आहे आणि संकेत सांगावाच लागतो. ‘आम्ही दुरुस्त करून देत नाही’ या वाक्यामागे न शिकवण्याचा आळस दडत असेल, तर आपण केंद्रप्रमुखांशी स्पष्ट बोलावे. मार्गदर्शकांना प्रशिक्षण कोण देतो, ते किती दिवसांचे असते आणि त्यांना कामाचा मोबदला मिळतो का, हेही विचारावे. सेवाभावाच्या नावाखाली फुकट राबवलेला, प्रशिक्षण नसलेला विद्यार्थी एक तर गप्प बसतो किंवा सगळे लिहूनच देतो.

यावरून आपल्या त्या विद्यार्थिनीकडे येतो. तिचा निबंध पार बदलला, एवढ्यावरून संशय घेऊ नये, कारण चांगल्या पुनर्लेखनाचे लक्षणही तेच आहे. पाहायचे ते हे, की बदललेल्या गोष्टींबद्दल ती बोलू शकते का. पहिला खर्डा आणि दुसरा खर्डा शेजारी ठेवून तिला शांतपणे विचारावे : हा परिच्छेद खालून वर का आणला? येथले उदाहरण का गाळले? ज्याने निर्णय घेतला आहे त्याला निर्णयामागचे कारण सांगता येते, भले ते कारण चुकीचे असो. ती गोंधळली, ‘ताईंनी असे करायला सांगितले’ एवढेच म्हणाली, तर मदत मर्यादेपलीकडे गेली असे समजावे. पण तो दोष तिच्यापेक्षा मार्गदर्शकाचा अधिक आहे आणि त्यासाठी शिक्षेची नव्हे, केंद्राशी बोलण्याची गरज आहे.

मर्यादा कोणती, तर माझ्या मते ती अशी. प्रश्न विचारणे, वाचक म्हणून कोठे अडखळलो ते सांगणे, एखाद्या वेगळ्याच वाक्यावर नियम समजावून देणे, दुबळा आधार दाखवून देणे, हे सर्व मदतीत मोडते. निबंधात जाणारे वाक्य दुसऱ्याने रचून देणे आणि निबंधाचे मत दुसऱ्याने ठरवणे, हे मदतीत मोडत नाही. मधला प्रदेश धूसर आहे, हे मान्य करायला हरकत नाही. छापील पुस्तकांवरही संपादकाचा हात फिरलेला असतो आणि त्याबद्दल लेखक प्रस्तावनेत आभार मानतो. विद्यार्थ्यालाही निबंधाच्या शेवटी दोन ओळींत लिहायला सांगावे, की कोणाशी चर्चा केली आणि तिच्यामुळे काय बदलले. ज्या मदतीचा उघड उल्लेख करता येतो ती सहसा रास्त असते. आणि आपले नियम निबंध देतानाच लिहून द्यावेत; सादर झाल्यावर सांगितलेला नियम हा नियम नसून सापळा असतो.

पैसे घेऊन पूर्ण निबंध लिहून देणाऱ्या सेवांची गोष्ट निराळी आहे, तेथे धूसर काहीच नाही. या सेवाही स्वतःची जाहिरात ‘लेखन साहाय्य’ याच नावाने करतात, त्यामुळे पहिल्या वर्षाचा गोंधळलेला विद्यार्थी खरोखर फसू शकतो. ऑस्ट्रेलियाने २०२० साली आणि इंग्लंडने २०२२ साली कायदा करून अशी सेवा पुरवणे आणि तिची जाहिरात करणे हा गुन्हा ठरवला. दोन्हीकडे रोख विद्यार्थ्यावर नसून सेवा विकणाऱ्यावर आहे. एक धोका विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा : अशा विक्रेत्याकडे आपले नाव, महाविद्यालय आणि पैसे दिल्याचा पुरावा राहतो, आणि त्याच्या जोरावर पुढे खंडणी मागितल्याची उदाहरणे आहेत. याउलट फुकट आणि भरवशाची मदतही आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या लेखन प्रयोगशाळेने, जी म्युरिएल हॅरिस यांनी १९७६ साली सुरू केली, १९९० च्या दशकात आपली मार्गदर्शक पत्रके इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली आणि इंग्रजीत लिहिणारे विद्यार्थी व अध्यापक आजही ती वापरतात. संदर्भपद्धती शिकवण्यात स्वतःचा तास घालवण्यापेक्षा अशा पत्रकाचा पत्ता देणे बरे.

यंत्राने लिहिलेल्या मजकुराबद्दल आपण ओझरते विचारले आहे, पण मला वाटते, आपल्या मनातील खरी काळजी तीच असावी. चॅट-जीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले आणि त्यापाठोपाठ यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारी साधनेही आली. ती हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. चॅट-जीपीटी बनवणाऱ्या ओपन-एआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये ओळखण्याचे एक साधन काढले. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत ते यंत्रलिखित मजकुरांपैकी २६ टक्केच ओळखू शकले आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरांवर त्याने चुकीचा आळ घेतला. त्याच वर्षी जुलैमध्ये, अचूकता कमी असल्याचे सांगून, ते मागे घेण्यात आले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली अशा सात साधनांची परीक्षा घेतली तेव्हा, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी टोफेल या इंग्रजी भाषेच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले गेले. साध्या, मोजक्या शब्दांत लिहिणारा प्रामाणिक विद्यार्थीच अशा साधनाच्या तावडीत आधी सापडतो. साधने पुढे सुधारतील, सुधारत असतीलही; तरी कोणाच्या चारित्र्यावर डाग लावण्याइतका भरवसा त्यांच्यावर ठेवू नये. खर्डे, त्यांवरील आपले शेरे, केंद्रातील चर्चेची नोंद आणि दहा मिनिटांचे बोलणे यांतून जे कळते ते कोणत्याही टक्केवारीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते. शिवाय ज्या निबंधाचा पहिला खर्डा वर्गात, डोळ्यांसमोर लिहून घेतला आहे, तो पुढे यंत्राकडून घेण्याचा मोहही कमी होतो.

आता आपल्या भाराविषयी. शंभर निबंधांना प्रत्येकी दहा मिनिटे धरली, तरी हजार मिनिटे होतात, म्हणजे साडेसोळा तासांहून अधिक. आणि दहा मिनिटांत कोणीही नीट शेरे लिहू शकत नाही, हे आपण जाणताच. तेव्हा प्रश्न असा, की या वेळातून विद्यार्थ्याला काय मिळते? सोमर्स यांनीच १९८२ साली ३५ अध्यापकांच्या शेऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसले, की एकाच खर्ड्यावर अध्यापक एकीकडे ‘हा परिच्छेद पुन्हा विचार करून वाढवा’ म्हणतात आणि दुसरीकडे त्याच परिच्छेदातील स्वल्पविराम सुधारतात, त्यामुळे परिच्छेद बदलायचा आहे की तो तसाच ठेवून स्वच्छ करायचा आहे, हे विद्यार्थ्याला कळत नाही. शिवाय बरेचसे शेरे इतके मोघम होते, की एका निबंधावरून उचलून दुसऱ्यावर चिकटवले तरी चालले असते. ‘मुद्दा स्पष्ट करा’, ‘अधिक नेमके लिहा’, ‘ओघ नाही’ हे आपल्या सर्वांच्याच लेखणीतून सवयीने उतरणारे शेरे याच जातीचे आहेत.

म्हणून माझी सूचना अशी, की गुण द्यायच्या अंतिम निबंधावर शेरे जवळजवळ लिहूच नयेत. गुण, एक ओळ आणि समासातील खुणा पुरेत. तोवर विद्यार्थ्याचे लक्ष त्या निबंधावरून उडालेले असते. शेरे लिहायचे ते पहिल्या खर्ड्यावर, आणि तेही दोनच : एक, मला या निबंधाचे म्हणणे असे असे वाटले, ते बरोबर आहे का, आणि दुसरा, वाचक म्हणून माझा विश्वास अमुक ठिकाणी डळमळला. पहिला शेरा सर्वांत उपयोगी असतो, कारण आपण लिहिले ते वाचणाऱ्याने असे समजून घेतले, हे पाहून विद्यार्थी दचकतो. हे दोन शेरे घेऊन त्याने केंद्रात जावे आणि त्यानंतर त्याला पुनर्लेखनासाठी किमान आठवडा मिळावा. वर्षातील निबंधांची संख्या यामुळे घटवावी लागेल. सहा निबंध एकेकदा लिहिण्यापेक्षा तीन निबंध दोनदा लिहिणे मला अधिक फलदायी वाटते, आणि अभ्यासक्रमाच्या चौकटीत बसवता येत असेल तर आपण ते जरूर करावे. एकूण तास फारसे कमी होतील, असे आश्वासन मी देणार नाही. पहिल्या सत्रात तर ते वाढलेलेच वाटतील. पण निबंध संपल्यावर केलेली मेहनत आता निबंध चालू असताना होईल, आणि दुसऱ्या खर्ड्यात तिचा परिणाम दिसल्यामुळे तितकी रटाळ वाटणार नाही.

‘हल्लीच्या मुलांना लिहिताच येत नाही’ ही तक्रार आपल्या पत्रात नाही, याचे मला बरे वाटले. अमेरिकेतील पहिल्या वर्षाच्या निबंधांतील चुका १९१७ पासून २००६ पर्यंत वेगवेगळ्या अभ्यासकांनी मोजल्या आहेत आणि दर शंभर शब्दांमागे त्यांचे प्रमाण सुमारे दोन ते अडीच असेच राहिलेले आहे. मधल्या काळात निबंधांची लांबी मात्र पुष्कळ वाढली.

आता चिठ्ठीबद्दल, कारण माझ्या मते तेथूनच बदलाची सुरुवात व्हावी. ‘कच्च्या’ विद्यार्थ्यांनाच पाठवण्याची पद्धत आपण बंद करावी. वर्गातल्या चौघांनाच चिठ्ठी मिळाली, की केंद्र ही शिक्षेची जागा आहे हे उरलेल्या सर्वांना न सांगता कळते, आणि ते चौघे तेथे सही घेण्यापुरते जातात. त्यापेक्षा एका निबंधासाठी सर्वांनाच, हुशार म्हणून नावाजलेल्यांनाही, पहिल्या खर्ड्यानंतर एकदा जायला सांगावे. चांगल्या लेखकाला चांगल्या वाचकाची गरज अधिक असते, आणि गुणवान विद्यार्थी तेथे जाताना दिसले की इतरांचा संकोच मोडतो. केंद्राची क्षमता तेवढी नसेल, तर तुकड्या आठवड्यांत वाटून द्याव्यात, किंवा एक-दोन मार्गदर्शक सत्रभर आपल्याच वर्गाला जोडून मागावेत. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाने १९८२ साली अशी योजना सुरू केली : निवडलेले विद्यार्थी-मार्गदर्शक एकेका विषयाच्या वर्गाशी जोडले जातात, पहिला खर्डा ते वाचतात, त्यावर लेखकाशी बोलतात, आणि अध्यापकाकडे येतो तो पुढचा खर्डा. पुढे अनेक विद्यापीठांनी ती उचलली. विद्यार्थ्यासोबत चिठ्ठीऐवजी तीन कागद जावेत : प्रश्न, खर्डा आणि आपले दोन शेरे. चर्चेत काय झाले याची छोटी नोंद केंद्राकडून मागण्यास हरकत नाही, मात्र विद्यार्थ्याच्या संमतीनेच. आपले प्रत्येक अडखळणे बाईंच्या कानावर जाणार, हे कळले तर तो तेथे मोकळेपणाने बोलणार नाही.

आणखी एक उपयोग फार कमी अध्यापक करून घेतात. केंद्र विद्यार्थ्यांइतकेच आपलेही आहे. पुढील निबंधाचा प्रश्न छापण्यापूर्वी तो घेऊन आपण स्वतः केंद्रात जावे, दोन मार्गदर्शकांना तो वाचायला द्यावा आणि या प्रश्नाला ते काय लिहायला बसतील, ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. ‘चर्चा करा’, ‘विवेचन करा’, ‘आढावा घ्या’ या शब्दांतून आपल्याला अभिप्रेत असलेले काम विद्यार्थ्यांना कळतच नाही, हे तेथे दहा मिनिटांत लक्षात येते. माझ्या ग्रंथालयाच्या उदाहरणातील विद्यार्थ्याला प्रश्नात ‘आपले मत ठामपणे मांडा आणि आपल्याशी असहमत असणाऱ्या वाचकाचा एक आक्षेप घेऊन त्याला उत्तर द्या’ असे लिहून मिळाले असते, तर प्राचीन काळापासूनचे ग्रंथांचे महत्त्व सांगत बसायला त्याला सवडच मिळाली नसती. प्रश्न असा नेमका लिहिला, त्यासोबत पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्याच्या वेगवेगळ्या तारखा दिल्या आणि गुण कशाला किती तेही त्याच कागदावर नोंदवले, म्हणजे केंद्रातील मार्गदर्शकाला विद्यार्थ्याशी बोलताना आपल्या मनात काय असेल याचा अंदाज बांधत बसावे लागणार नाही. या सत्रातील पुढचा निबंध अजून दिलेला नसेल, तर त्याच्याच बाबतीत हे करून पाहावे.